घाट चढलेला माणूस

सकाळच्या चहाला काकाजींनी राजूर घाटाचं नाव काढलं, की आमच्या घरातली तरुण मंडळी चपला शोधू लागतात. कुणाला एकदम झेरॉक्स आठवते, कुणाचा मित्र चौकात ताटकळत असतो, कुणाच्या पोटात दुखायला लागतं. घाट निघाला म्हणजे काम निघालं, हे सगळ्यांना अनुभवाने पाठ झालंय. आज गच्चीवरची टाकी धुतली जाणार, किंवा कूलर माळ्यावरून उतरणार, किंवा 'बघू पुढं' म्हणून ठेवलेलं लोखंडी कपाट या खोलीतून त्या खोलीत जाणार.

घाट काही हिमालयातला नाही. मलकापूरकडून मोताळ्यावरून बुलडाण्याला निघालं, की राजूर गाव मागे पडल्यावर रस्ता अजिंठ्याच्या डोंगरात शिरतो आणि वळणं घेत वर येतो. आमचा अख्खा बुलडाणा जिल्हा या डोंगराने दोन भागांत वाटलाय. घाटावर बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव आणि पार सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद, संग्रामपूर. सोयरीक जमवताना 'पोरगी घाटावरची का घाटाखालची' हे पत्रिकेच्या आधी विचारतात. वरच्यांच्या मते खालचे तापट, खालच्यांच्या मते वरचे थंड. दोन्हीकडचे दोष हवामानावर ढकलून लग्नं उरकतात.

काकाजी घाटाखालचे, मोताळा तालुक्यातले. दहावी झाल्यावर बुलडाण्याच्या कॉलेजात शिकायला खोली करून राहिले. १९७६ च्या जूनमध्ये सुट्टी संपवून निघाले, तेव्हा बाविशी सायकलच्या कॅरियरवर ज्वारीचं पीठ होतं आणि हँडलला दोन पिशव्या, एकीत तुरीची डाळ, दुसरीत तिखट आणि मुगवड्या. या सगळ्यानिशी ते सायकलवरून न उतरता राजूर घाट चढले.

झालं. गोष्ट एवढीच आहे. बघायला कुणी नव्हतं, फोटो नाही, पेपरात बातमी नाही. वर पोचल्यावर त्यांनी पाणी प्यायलं आणि खोलीवर जाऊन झोपले. पण त्या दिवसापासून आजतागायत त्यांचं प्रत्येक अवघड काम त्या घाटातून जातं. आधी दोन्ही मांड्यांवर थाप, मग तळहात एकमेकांवर चोळणं, मग डोळे किंचित बारीक करून, समोर कुणी असो नसो, ते म्हणतात, "राजूरचा घाट चढलो मी, न उतरता. त्याच्यापुढं हे काय हाये?"

'हे' म्हणजे काहीही असू शकतं. डिसेंबरातली बुलडाण्याची गार पाण्याची आंघोळ, दाढ काढणं, गॅसच्या एजन्सीतली केवायसी, व्याह्यांशी बोलायचा नाजूक विषय. कामाच्या वजनाप्रमाणे गोष्टीची लांबी ठरलेली. बल्ब बदलायचा असेल तर स्टुलावर पाय ठेवताना नुसतं "घाट" एवढंच पुटपुटतात. टाकी धुवायची असेल तर पिठासकट पूर्ण घाट होतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाट, दहावीचं गणित, खामगावचा कापूस आणि रामायण असा सगळा साठा बाहेर आला. डोळ्याचं काम सकाळी डॉक्टरांनी चटकन उरकलं, आदल्या रात्रीचं मात्र बारा वाजले तरी उरकत नव्हतं.

त्यांच्याबरोबर एसटीने घाटातून जावं लागलं तर खिडकीची जागा त्यांना द्यावी. राजूर मागे पडेपर्यंत ते कापसाचे भाव, जावयाची नोकरी, असं चारचौघांसारखं बोलतात. पहिल्या वळणाला गप्प होतात. मग खाली बघायचं. त्यांचे पाय हलत असतात. ड्रायव्हर गिअर बदलतो तेव्हा हे टाचेने फूटबोर्डावर जोर देतात आणि चढ संपून बुलडाणा दिसायला लागलं की खिशातून रुमाल काढून कपाळ पुसतात. तिकीट काढलेल्या गाडीला स्वतः चढवून आणणारा दुसरा प्रवासी मी पाहिला नाही. एकदा शेजारच्या सीटवरच्या बाईंनी काळजीने विचारलं, "बाबा, गोळा आला का पायात?" काकाजी म्हणाले, "नाही बाई, पीठ जड होतं."

पिठाविषयी मात्र सांगायला हवं. मी लहानपणी ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा कॅरियरवर पिठाची पिशवी होती. मी कॉलेजात जाईपर्यंत तिचं अर्धं पोतं झालं. माझ्या लग्नाच्या सुमारास पोतं भरलं. आता अलीकडच्या आवृत्तीत पोत्यावर त्यांचा एक वर्गमित्रही बसलेला असतो. हा मित्र पुण्याला स्थायिक झालाय, लग्नाकार्यात भेटतो, आणि "तुम्ही खरंच होता का हो मागे बसलेले?" असं विचारलं की बासुंदीची वाटी तोंडाला लावतो. घाटही दरवर्षी थोडा थोडा उभा होत गेलाय आणि त्या दिवशीचा वारा तर आता सरळ तोंडावर असतो. बांधकाम खात्याच्या दगडांवरचे आकडे तेवढे जागचे हलले नाहीत. पण 'न उतरता' हे दोन शब्द काकाजींनी पन्नास वर्षांत कधी बदलले नाहीत. त्या दोन शब्दांवर माझा पूर्ण विश्वास आहे. पोत्यावर नाही.

बाकीचा साठा थोडक्यात असा. महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची पहिली परीक्षा झाली ती १९७५ साली. काकाजी त्या पहिल्या बॅचचे. नवीन गणित, नवीन पुस्तकं, मास्तरांनाही सगळं नवीनच. "मास्तरच आमच्यासोबत शिकून राह्यले होते," असं ते सांगतात. त्यात त्यांना गणितात एकाहत्तर मार्क मिळाले. मार्कलिस्ट प्लास्टिकमध्ये बंद करून देवघराच्या मागच्या कप्प्यात आहे. बँकेच्या पासबुकात काही जमत नसलं की आधी तिकडे नजर टाकून मग पासबुक उघडतात.

कापसाची गोष्ट ऐंशीच्या आसपासची. राज्यात तेव्हा एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारच्याच काट्यावर घालायचा. हंगामात खामगावला जिनिंगच्या बाहेर बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. गाडीखालीच झोपायचं, तिथेच तीन दगडांवर खिचडी, रात्री बैलांच्या कडब्यावरून भांडणं. काकाजींनी रांगेत नुसती गाडी धरली नाही. सोबतच्या पोत्यांतली पिवळी पडलेली, पाला लागलेली बोंडं त्यांनी कंदिलाच्या उजेडात रात्रभर निवडून वेगळी काढली. सकाळी ग्रेडरने मूठभर कापूस उचलला, धागा ओढून पाहिला आणि म्हणाला, "सुपर." शेजारच्या गाड्या एफएक्यूला, म्हणजे खालच्या ग्रेडला, लागल्या होत्या. त्या दिवशीच्या चुकाऱ्याची रक्कम काकाजींना आठवत नाही. ग्रेडरच्या शर्टाचा रंग आठवतो.

भेंडवळच्या घटमांडणीला ते वर्षानुवर्षं जातात, त्याचंही कारण हा कापूसच. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या गावाबाहेर शेतात घट आखतात. भोवती अठरा धान्यं मांडतात, मधे खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं ठेवतात आणि त्यावर घागर. रात्री तिथे कुणी फिरकत नाही. पहाटे ढेकळं किती भिजली, कुठलं धान्य किती हललं, यावरून पाऊसपाणी, पिकं आणि राजाची गादी सांगितली जाते. चंद्रभान महाराज वाघ यांच्यापासून, सुमारे साडेतीनशे वर्षं ही रीत चालत आल्याचं सांगतात. गर्दीतले सगळे पुढच्या सालाकडे डोळे लावून असतात. 'कपाशी मोघम' असं भाकीत झालं की चेहरे उतरतात. काकाजींचा उतरत नाही. परतीच्या गाडीत ते आजूबाजूच्यांना सांगतात, "मोघम सालातच आपला कापूस सुपर लागला होता." सबंध भेंडवळात मागे पाहून पुढचं सांगणारे तेवढे एकच.

आता रामायण. बारावीनंतर आयटीआय करून काकाजी वीज मंडळात वायरमन झाले. १९८७-८८ चे दिवस. रविवारी सकाळी दूरदर्शनवर रामायण लागायचं. ते तेव्हा घाटाखाली, नांदुऱ्याकडच्या एका गावात नेमणुकीला होते. किराणा दुकानदाराच्या ओसरीवर टीव्ही, टीव्हीला हार, समोर उदबत्ती, गाव अंगणात बसलेलं, आणि ऐन वेळी लाइन गेली. अंगणातून शंभर नजरा काकाजींकडे वळल्या. फोन कुठला? ते सायकलवर सबस्टेशनला गेले, फिडर बंद करून घेतला, परत आले, खांबावर चढले, तुटलेला जंपर जोडला, पुन्हा सबस्टेशन, आणि लाइन आली तेव्हा पडद्यावर हनुमान समुद्रावरून उडत होता. म्हाताऱ्यांनी आधी हनुमानाला हात जोडले, मग काकाजींना.

काकूंचं म्हणणं वेगळं. त्या सांगतात, की त्या रविवारी भरतभेट होती. शिवाय काकाजी सबस्टेशनला गेल्या गेल्या गावातल्या पोरांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडली होती. लाइन आली ती रामायण संपल्यावर, आणि मळ्यातल्या लोकांनी मोटर सुरू झाली म्हणून हात जोडले. खरं काय ते रामाला ठाऊक.

काकूंची आठवण काकाजींइतकीच पक्की आहे, फक्त तिचं खातं निराळं. काकाजी जमलेल्या कामांचा हिशेब ठेवतात, काकू न जमलेल्यांचा. ते मांडीवर थाप मारून "घाट..." म्हणेपर्यंत काकूंनी स्वयंपाकघरातून "कूलर" असं म्हटलेलं असतं. कूलर म्हणजे एका मे महिन्यात त्यांनी घरीच दुरुस्त केलेला कूलर, ज्याने नवीन जावयाला पहिल्याच दिवशी झटका दिला. "आयुष्यभर अकरा हजाराची लाइन हाताळली अन् घरच्या कूलरनं पाहुणा उडवला." कूलर झाला की मग मिक्सर, मिक्सर झाला की घरीच घातलेला तो जिन्याचा कठडा. हे ऐकून काकाजी खचत नाहीत आणि त्यांचं ऐकून काकू बधत नाहीत. त्यांच्या घाटामुळे घरातली कामं सुरू होतात आणि यांच्या कूलरमुळे माणसं सुखरूप राहतात, असं माझं मत आहे.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल, की काकाजी बढाईखोर असावेत. तसे लोक आमच्याकडे वेगळे आहेत, भरपूर आहेत, आणि संध्याकाळी बागेतल्या बाकांवर मिळतात. 'आमच्या वेळी' असं सुरू करून ते तास दीड तास जुन्या मर्दुमकीत पोहतात आणि मग घरी जाऊन जेवतात. काकाजी रिकामपणी घाटाचं नावही घेत नाहीत. बाकावर बसले तर शेंगदाणे खातात आणि दुसऱ्यांचं ऐकतात. त्यांची गोष्ट कामाच्या तोंडावरच निघते आणि गोष्ट संपली की ते उठलेले असतात, बाह्या वर केलेल्या असतात. वैताग येतो तो इथेच. बढाईखोराला 'हो का' म्हणून कटवता येतं. हा माणूस गोष्ट संपताच शिडीचं दुसरं टोक आपल्या हातात देतो.

आमचा जिल्हाच मुळात या स्वभावाचा आहे, असं मला अधूनमधून वाटतं. कुठलाही सरकारी कार्यक्रम असो, भाषण सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी वंदन करून निघतं आणि लोणारला वळसा घालूनच मुद्द्यावर येतं. जिजाऊंचं ठीक, ते तर आमचं भाग्यच. पण लोणारचं विवर हे आमचं कर्तृत्व नव्हे, उल्का आपणहून पडली. भाषणात मात्र ती अशी येते, की जणू ग्रामपंचायतीने ठराव करून पाडली. खामगावच्या जुन्या माणसाजवळ रेल्वेचा विषय काढा. कापसाच्या बाजारासाठी घातलेल्या जलंब-खामगाव लाइनच्या उद्घाटनाला १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, इथपासून तो सुरुवात करेल. तीच लाइन पुढे जालन्यापर्यंत न्यावी ही मागणी इंग्रजांच्या काळापासून पडून आहे, हे सांगताना त्याचा आवाज जरा खाली येतो. म्हणजे आठवण आहे, पण शिडी कुणी धरत नाही. जिल्ह्याला एक काकाजी नेमायला हवेत.

एकदा गंमत म्हणून मी त्यांना अल्बर्ट बांडुरांविषयी सांगितलं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणारे हे मानसशास्त्रज्ञ. १९७७ साली त्यांनी लिहिलं, की 'हे मला जमेल' असा जो भरवसा माणसाला वाटतो त्याचा सगळ्यात पक्का आधार म्हणजे त्याने स्वतः पूर्वी निभावून नेलेलं काम. दुसऱ्याचं पाहून किंवा दुसऱ्याने पाठ थोपटून येणारा भरवसा त्याच्या खालचा. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कुठचा म्हणलास?"

"कॅनडात जन्मले. मुंडारे म्हणून लहानसं गाव आहे."

"गावचाच माणूस दिसते. बराबर हाये त्याचं." मग जरा थांबून, "पण सत्त्याहत्तर कायले लागलं त्याले? मी शहात्तरलेच चढलो."

बांडुरांच्या आधी आपल्याकडे जांबुवंत होऊन गेला, हे मला नांदुऱ्याला सुचलं. तिथे हमरस्त्याला लागून हनुमानाची एकशे पाच फुटी मूर्ती आहे. काकाजींबरोबर गेलो की दोन मिनिटं गाडी थांबवावीच लागते. लहानपणी फळ समजून सूर्याकडे झेप घेतलेला हा वीर समुद्रकिनाऱ्यावर गप्प बसून राहतो आणि जांबुवंताला येऊन त्याला त्याचाच पराक्रम सांगावा लागतो. मग उड्डाण. मी हे बोललो तर काकाजी मान मागे टाकून मूर्तीच्या गदेपर्यंत बघत म्हणाले, "एवढा मोठा होऊन विसरला, पाय. आपण लहान माणसं, आपल्याले विसरून कसं चालेल? सांगाले कोण येते?"

लहान म्हटल्यावरून आठवलं. २०२३ च्या मे महिन्यात बुलडाण्याच्या प्रथमेश जवकारने शांघायच्या विश्वचषकात तिरंदाजीच्या अंतिम सामन्यात जगातल्या अव्वल क्रमांकाच्या माइक श्लोसरला एका गुणाने हरवलं, एकशे एकोणपन्नास विरुद्ध एकशे अठ्ठेचाळीस. गावात फटाके फुटले. काकाजींनी पेढे वाटले, पेपरातला फोटो कापून दाराच्या आतून चिकटवला. मी म्हटलं, "या पोराला आता जन्मभर पुरेल असा घाट मिळाला." त्यांनी मान हलवली. त्यांच्या मते शांघायचं पदक पुढच्या मोठ्या सामन्याला उपयोगी पडेल, पण सकाळी उठून थंडीत सरावाला जायचं असेल तेव्हा नाही. त्यासाठी त्या पोराजवळ दुसरं काहीतरी बारकं असणार, जे आपल्याला माहीत नाही. "सुवर्णपदक म्हणजे खामगावची चांदी. दिवाळीले काढा, पुसा, ठेवून द्या. घाट म्हणजे आपला रोजचा तवा, बापू. त्याच्यावर भाकर होते." मी या वाक्याचा बराच विचार केला. माझ्याजवळचा सगळा माल, विचार केल्यावर, एक तर चांदीचा निघाला नाहीतर दुसऱ्याचा.

साठ्यात नसलेली एक गोष्ट काकूंकडून कळली. दहावीप्रमाणे बारावीचीही पहिली बॅच काकाजींचीच, १९७७ ची. त्यात ते रसायनशास्त्रात गेले. "पास होणाऱ्यांचीही पहिली बॅच, नापास होणाऱ्यांचीही," काकू हसत सांगतात. काकाजी हे लपवत नाहीत. विचारलं तर "हाव, उडालो" म्हणून मोकळे होतात. पण स्वतःहून त्याची गोष्ट करत नाहीत. खोली सोडली, सामान बांधलं आणि त्या वर्षी तीच सायकल घेऊन ते घाट उतरून गावी आले असणार. चढाचं प्रत्येक वळण सांगणाऱ्या या माणसाने उताराचं एकही वळण मला सांगितलेलं नाही. पुढे आयटीआयचा फॉर्म भरायला घरून परवानगी नव्हती. वडिलांचं म्हणणं, शिकून पाहिलं ना, आता वखर धर. त्या रात्री ते मांडीवर थाप मारून काय म्हणाले असतील ते सांगायला नको. ऐकायला बहुधा बैल असतील.

स्वतःपुरतं असतं तर हे सगळं सोसलं असतं. पण काकाजींनी घरातल्या प्रत्येकाचा घाट शोधून ठेवलाय. त्यांची मुलगी पुण्यात कंपनीत आहे. वर्षाअखेरी साहेबासमोर बसून आपण काय काय केलं ते सांगायचं असतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी फोन येतो. "तिसरीत होतीस. विहिरीत बादली पडली होती. गडीमाणसं थकली. तू गळ टाकून काढलीस. आठवते का?" तिला आठवत नाही. पण ती म्हणते, की साहेब आकडे विचारायला लागला की कुठूनतरी दोर हाताला लागल्यासारखं वाटतं. एमपीएससीत दोनदा हुकलेल्या भाच्याला चौथीची स्कॉलरशिप. माझ्या बायकोला, ती या घरात नवी होती तेव्हा पंगतीत ऐन वेळी मीठ संपल्यावर तिने काय केलं ते. मी स्वतः कुठे अडलो की मला मोताळ्याच्या बाजारात हरवल्यावर न रडता एसटी स्टँडवर जाऊन कंडक्टरला गावाचं नाव सांगणारा सहा वर्षांचा पोरगा ऐकवला जातो. तो मी होतो असं ते म्हणतात. त्यात पीठ किती मिसळलंय हे ताडायला माझ्याकडे साधन नाही. गच्चीवरची मोटरसुद्धा यातून सुटलेली नाही. ती नुसती गुणगुणायला लागली की हे तिच्यावर हात ठेवून म्हणतात, "मागच्या उन्हाळ्यात कशी चालली होतीस, माय!"

निवृत्तीनंतर ईपीएस-९५ वाल्या पेन्शनरांचं साखळी उपोषण बुलडाण्यात सुरू झालं, तेव्हा काकाजी आपली पाळी आली की डब्याऐवजी पाण्याची बाटली घेऊन निघायचे. तिथे मंडपात सगळेच त्यांच्या वयाचे, म्हणजे प्रत्येकाजवळ घाट. कुणी बहात्तरच्या दुष्काळात मिलो खाऊन खडी फोडलेली, कुणी पेनगंगेच्या पुरातून शाळेचं दप्तर काढलेलं. दिवसभर उपाशी माणसं एकमेकांना जुने पराक्रम वाढत बसली होती. संध्याकाळी घरी आल्यावर काकाजी म्हणाले, "पोट भरलं."

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी चालवणारी मुलगी आली. पंचविशीतली, घाटावरची, मेहकरची. वॉकर समोर ठेवून म्हणाली, "काका, आज फक्त चार पायऱ्या." काकाजींनी सवयीने मांडीवर थाप मारली आणि कळवळले. मग तळहात चोळले. "बाई, तुले राजूरचा घाट माहीत हाये का?" तिने बिचारीने "कुठला?" असं विचारलं. वॉर्डातले बाकीचे पेशंट उशा टेकून सरसावले. सायकल निघाली, पीठ लादलं गेलं, मित्र बसला, वारा सुटला. मुलगी घड्याळाकडे बघत उभी. शेवटच्या वळणाला काकाजींचा आवाज चढला, हात वॉकरवर गेले, आणि गोष्ट अर्धी असतानाच त्यांचा पाय पहिल्या पायरीवर पडला. दुसऱ्या पायरीला बोलणं बंद झालं. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला नुसता श्वास ऐकू येत होता. काकू वर उभ्या होत्या. त्या कूलरविषयी काही बोलल्या नाहीत.

त्यानंतर दिवाळीत आम्ही सगळे जमलो होतो. माळ्यावरून फराळाची भांडी काढायची होती आणि कुणी हलत नव्हतं. काकाजी सोफ्यावर पुढे सरकले. या वेळी थाप डाव्याच मांडीवर पडली.

"ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी अख्खा जिना चढलो मी, न थांबता. त्याच्यापुढं हे काय हाये?"

आतून कढईचा आवाज थांबला आणि काकू म्हणाल्या, "अन् कॅरियरवर पीठ किती होतं, तेही सांगून टाका!"